जेत्याची खंत

मनाच्या दुखण्यांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. हळहळ परक्यासाठीही वाटू शकते. चुटपुट हातून निसटलेल्या लहानशा गोष्टीची लागते, रुखरुख करायचे राहून गेलेल्या गोष्टीची. खंत ही दीर्घ मुदतीची. ती माणसाबरोबर म्हातारी होते. टोचणी मात्र केवळ स्वतःच्या कृतीचीच असते. दुसऱ्याच्या कृतीची टोचणी कोणाला लागल्याचे ऐकिवात नाही. या अर्थच्छटा वर्षानुवर्षे वर्गात उलगडून दाखविणाऱ्या मराठीच्या एका अध्यापकाला २०२० च्या एप्रिलमधील एका रात्री आपल्या मनःस्थितीला यांपैकी कोणता शब्द लागू पडतो, हे ठरविता येईना. अडचण अशी होती की, ज्याच्या संदर्भात ते काहीतरी वाटत होते, तो माणूस अस्तित्वातच नव्हता.

टाळेबंदीचे दिवस होते. अध्यापकाचे बिऱ्हाड जामखेडला. महाविद्यालय बंद, वाचनालय बंद. मुलाची बारावीची परीक्षा नुकतीच आटोपलेली, आणि त्याला अठरावे वर्ष पूर्ण व्हायला थोडे दिवस राहिलेले. हा मुलगा आणि त्याचे सोबती रात्री उशिरापर्यंत आपापल्या घरांत बसून मोबाइलवर ‘पबजी’ नावाचा खेळ खेळत. पहिले काही दिवस बापाने रागावून पाहिले, पुढे कुतूहलाने पाहिले, आणि एका रात्री चौघांतला एक सोबती न आल्याने रिकामी राहिलेली जागा त्यानेच भरून काढली. पन्नाशीच्या घरातल्या माणसाने असे करावे, यात नवल वाटण्यासारखे फारसे काही नाही. त्या दिवसांत माणसे याहूनही विचित्र गोष्टी करीत होती.

खेळ सोपा आहे. शंभर जण हवाई छत्रीने एका बेटावर उतरतात, पडकी घरे धुंडाळून शस्त्रे गोळा करतात आणि एकमेकांना ठार करीत सुटतात. भोवतीचे एक वर्तुळ क्रमाक्रमाने आवळत येते, त्यामुळे लपून राहूनही निभाव लागत नाही. शेवटी उरेल तो विजयी. त्याला पडद्यावर कोंबडीच्या जेवणाची वार्ता मिळते. माळकरी घरातल्या या अध्यापकाला तिचे हसू येई. चौघांचा गट असेल तर गोळी लागलेला गडी तत्काळ मरत नाही. तो हातापायांवर येतो आणि रांगू लागतो. एखाद्या सोबत्याने वेळेवर जवळ येऊन उपचार केले तर तो पुन्हा उभा राहतो. न केले तर हळूहळू संपतो.

त्या रात्री अध्यापकाने नेम धरून एकाला पाडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा नेम लागला होता. पडलेला गडी एका भिंतीच्या आडोशाकडे रांगत निघाला. भिंतीपलीकडे त्याचा सोबती असावा. अंतर चार-पाच पावलांचे. “आप्पा, सोडू नका, उठंल तो,” मुलगा ओरडला. आप्पांनी सोडले नाही. रांगणारा गडी जागच्या जागी नाहीसा झाला आणि त्याच्या ठिकाणी त्याच्या चीजवस्तूंची एक लाकडी पेटी उरली. मुलाने पाठीवर थाप मारली. बापाच्या पाठीवर थाप मारण्याची ही त्याचीही पहिलीच वेळ.

पहाटेपर्यंत अध्यापकाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्याने सहज म्हणून विचारले, “तो रात्रीचा कोण असेल रे?” मुलाला प्रथम प्रश्नच कळला नाही. कळल्यावर तो म्हणाला, “कोण का असंना. तो त्याच मिनिटाला दुसऱ्या डावात गेला असंल, आप्पा. तुम्ही पण ना!”

हे उत्तर निरुत्तर करणारे होते. खेळणारा गडी कोठेतरी अंथरुणावर लोळत होता. त्याला इजा झाली नव्हती, फार तर तो चरफडला असेल. पुष्कळदा अशा खेळात समोर माणूसही नसतो, यंत्रच माणसाचे सोंग घेऊन धावत असते. तर्काने पाहता अपराध घडायला कोणीतरी पीडित लागतो, आणि येथे तोच नव्हता. मग रांगत्या माणसाच्या पाठीत गोळी घालताना हातात आलेली ती थंड सफाई आठवून अस्वस्थ का व्हावे?

साहित्यशास्त्र शिकविणाऱ्याला याचे एक उत्तर तयार मिळते. रंगभूमीवरचे मरण पाहून आपण रडतो ते साधारणीकरणामुळे, आणि त्या रडण्यातही आस्वाद असतो. निळू फुले यांच्या खलनायकी भूमिका पाहून गावोगावच्या बायका त्यांना खरोखरच शिव्याशाप देत, ही हकीकत प्रसिद्धच आहे. कल्पित आणि वास्तव यांची सरमिसळ करण्याचा माणसाचा हक्क जुना आहे. परंतु हे सारे विवेचन प्रेक्षकाचे आहे, आणि प्रेक्षकाला टोचणी लागत नाही. दुःशासनाने द्रौपदीच्या वस्त्राला हात घातला म्हणून पुढच्या रांगेत बसलेल्याला स्वतःची शरम वाटत नाही. या नव्या खेळात मात्र प्रेक्षक उरलेला नाही. बोट त्याचे, नेम त्याचा, आणि ‘सोडू नका’ या सल्ल्यानंतरचा अर्धा क्षणही त्याचाच. आपल्या रसचर्चेत या अर्ध्या क्षणासाठी जागा केलेली नाही. ती आता करावी लागेल, असे वाटते.

वस्तुतः खेळातले मरण आपल्याला नवीन नाही. सारीपाटावर सोंगटी मरते, बुद्धिबळात प्यादे मारतात, हुतूतूत गडी मरतो आणि पुन्हा जिवंत होतो. कबड्डीच्या जुन्या प्रकारांची नावेच पाहावीत: संजीवनी, गामिनी, अमर. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक मेला की आपला एक उठतो. गामिनीत मेलेला डाव संपेपर्यंत बाहेरच बसतो. अमरमध्ये बाद झालेलाही मैदान सोडीत नाही, केवळ गुण मोजले जातात. मरणाविषयीची तीन तत्त्वज्ञाने पोरांनी मातीत आखून ठेवली होती, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होईल. परंतु मेल्यावर काय होते हे आधी ठरवून मगच मारायचे, एवढी शिस्त त्यांत होती. शिवाय ज्याला मारायचे त्याच्या अंगाला प्रत्यक्ष हात लावावा लागे. त्याचा घाम हाताला लागे.

दिवाळीत अंगणात होणाऱ्या मातीच्या किल्ल्याची गंमत तर याहून वेगळी. बाजारातून मावळे येतात, तोफा येतात, सिंहासनावरचे महाराज येतात. पायथ्याच्या गावासाठी गवळण, भाजीवाली आणि बैलगाडीही येते. शत्रू विकत आणल्याचे मात्र क्वचितच दिसते. बुरुजाबुरुजावर डोळ्यांत तेल घालून पहारा चालू, आणि ज्याच्यासाठी पहारा तो कोठेच नाही! अळीव पेरून उगवलेल्या त्या हिरव्या उतारावर चार दिवस शांतता नांदते, आणि पुढे एखादे मांजर किल्ला घेते.

मोबाइलवरच्या बेटावर याच्या नेमके उलट आहे. तेथे राजा नाही, रयत नाही, गवळण नाही. घरे आहेत, पण त्यांत राहणारे कोणी नाही. शत्रू तेवढे आहेत.

आपल्या परंपरेने शत्रूच्या मरणाचा हिशेब मांडलेला नाही असे नाही. महाभारतातील युद्ध उभय पक्षांनी नियम ठरवून सुरू केले: निःशस्त्रावर, शरणागतावर, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्यावर घाव घालू नये. पुढे एकेक नियम मोडत गेला. चाक रुतलेल्या कर्णाचे आणि शस्त्र खाली ठेवलेल्या द्रोणाचे मरण व्यासांनी झाकून ठेवले नाही. जिंकल्यानंतर युधिष्ठिराला राज्य नकोसे झाले. एवढे मोठे शांतिपर्व त्याच्या नकोसेपणातूनच सुरू होते. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये खांडववनाच्या दहनाकडे पाहिले तेही याच बाजूने. वनातून निसटू पाहणाऱ्या प्राण्यांना कृष्ण आणि अर्जुन बाणांनी परत आत लोटतात, हा प्रसंग पराक्रमाच्या मथळ्याखाली त्यांनी जाऊ दिला नाही. त्या रात्री अध्यापकाला युधिष्ठिर आठवला नाही. आठवले ते हे परत आत लोटणे.

जामखेडपासून वीसएक किलोमीटरवर खर्डा आहे. तेथील लढाई ११ मार्च १७९५ रोजी झाली. थकलेल्या चौथाईवरून पेशवे आणि निजाम अली यांच्यात वितुष्ट आले होते, आणि ग्रँट डफच्या इतिहासाप्रमाणे दोन्हीकडची फौज लाखाच्या वर होती. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सारे सरदार पेशव्याच्या निशाणाखाली एकत्र जमण्याची ही अखेरची वेळ. प्रत्यक्ष युद्धापूर्वी शब्दांचे युद्ध झाले. पेशव्याला पंचा नेसवून, हातात पाण्याचे भांडे देऊन काशीला जप करीत बसायला धाडू, अशा वल्गना निजामाचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क करीत असल्याचे डफने नमूद केले आहे. लढाईपूर्वी शत्रूचे सोंग उभे करावे लागते. सोंगाला मारणे माणसापेक्षा सोपे जाते.

लढाई मात्र लढाईसारखी झालीच नाही. परशुरामभाऊ पटवर्धन जखमी झाले, काही काळ मोगलांची सरशी होते की काय असेही वाटले. पण जनान्यासह छावणीत असलेल्या निजामाचा धीर सुटला आणि त्याने माघारीचा हुकूम दिला. रात्री घोड्यांना पाणी पाजण्यासाठी ओढ्यावर आलेल्या मराठ्यांच्या एका लहानशा टोळीची निजामाच्या लोकांशी अंधारात गाठ पडली, गोळीबार झाला आणि त्या आवाजाने एवढ्या मोठ्या लष्करात पळापळ उडाली. निजाम डोंगरांनी वेढलेल्या खर्ड्याच्या गढीत शिरला. मराठ्यांनी वेढा घातला, आत पाण्याचे आणि दाण्याचे हाल झाले, आणि दोन-तीन दिवसांत निजामाने हात टेकले. दौलताबादसह मोठा मुलूख, तीन कोटींची रक्कम आणि खुद्द मुशीर-उल्-मुल्काला ओलीस म्हणून द्यायचे ठरले.

डफने पुढे एक लहानसा प्रसंग दिला आहे. विजयी छावणीत तरुण पेशवा सवाई माधवराव उदास बसलेला नानांनी पाहिला आणि कारण विचारले. समोरचे एवढ्या लाजिरवाण्या रीतीने शरण आले आणि आपले शिपाई विनासायास मिळालेल्या यशाच्या फुशारक्या मारीत आहेत. दोन्हीकडचे सत्त्व किती उतरले याचे दुःख होते, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. पेशव्याचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा. म्हणजे त्याला अजून एकविसावे पुरे व्हायचे होते.

इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग बहुधा मराठेशाहीच्या ऱ्हासाचे भाकीत म्हणून येतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून पेशव्याचा अंत झाला. तो तोल जाऊन पडला की त्याने उडी घेतली, याविषयी आजही एकमत नाही. त्यामुळे खर्ड्यावरची ती उदासी मागे वळून पाहताना अधिकच गडद दिसते. पण ती करुणा नव्हे, हे मान्य करायला हवे. गढीत तहानेने व्याकूळ झालेल्यांविषयी तो काही बोलल्याचे डफ सांगत नाही. त्याला लाज वाटली ती प्रतिकाराशिवाय मिळालेल्या जयाची. तरीही सबंध छावणीत शत्रूच्या अधोगतीचे दुःख वाटणारा तो एकटा होता, आणि शत्रूची व आपली अवनती त्याने एकाच वाक्यात, एकाच तराजूत घातली. लढाईवर बखर झाली. पोवाडे झाले, त्यांत संगमनेरच्या अनंत फंदीचेही नाव घेतले जाते. पण पोवाड्याला डफाचा ठेका लागतो, सरदारांची नामावळी लागते. उदास बसलेला धनी पोवाड्याच्या कामाचा नसतो.

मधल्या काळात त्या खेळाचेही बरेच काही झाले. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ‘पबजी’वर बंदी घातली. २०२१ च्या जुलैत तोच खेळ भारतासाठी नवे नाव घेऊन परतला. शिक्षणासाठी पुण्याला गेलेल्या मुलाने सुटीत आल्यावर बापाला त्यातले बदल दाखविले. आता ‘किल’ हा शब्द नव्हता, त्याऐवजी ‘फिनिश’ होता. हे जग आभासी आहे, अशी सूचना होती. आणि गोळी लागल्यावर उडणारे रक्त हिरवे केले होते. हिरवे रक्त! उडणे तेच, पडणे तेच, रांगणेही तेच. रंग तेवढा झाडपाल्याचा. भाषेच्या अध्यापकाला यातली युक्ती लगेच ओळखू आली. वर्तमानपत्रांची भाषा वाचणाऱ्या कोणालाही ती ओळखू यावी.

याच्या उलट वाटेने जाणारे खेळही आहेत, हेही मुलानेच सांगितले. ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ (२०१२) खेळणाऱ्याकडून आधी श्वेत फॉस्फरसचा मारा करवून घेतो आणि नंतर त्यात जळालेल्या निरपराधांमधून त्याला चालायला लावतो. ‘अंडरटेल’मध्ये (२०१५) कोणालाही न मारता शेवटापर्यंत जाता येते, आणि मारले असेल तर तो खेळ ते विसरत नाही. ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात (२०२०) सोबती पडला की शत्रू त्याच्या नावाने हाक मारतात. पोलंडमध्ये तयार झालेल्या ‘धिस वॉर ऑफ माइन’मध्ये (२०१४) खेळणारा सैनिक नसतोच, वेढ्यात अडकलेला नागरिक असतो, एका वृद्ध जोडप्याचे घर लुटून अन्न आणले तर आणणारी पात्रे पुढचे काही दिवस खचून जातात. पोलंडच्या सरकारने २०२० मध्ये तो शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घालण्याचे जाहीर केले. वेढ्याच्या आतून सांगितलेली ही गोष्ट ऐकताना अध्यापकाच्या मनात खर्ड्याची गढी आली. ‘तो नावाने हाक मारतो’ या तपशिलापाशी तो अधिक थांबला. रांगणाऱ्या गड्याच्या डोक्यावरही नाव असते का, असे त्याने विचारले. शत्रूचे दिसत नाही, मारल्यावर कोपऱ्यात येते, असे मुलगा म्हणाला. मारल्यावर येते.

२०२३ च्या मार्चमध्ये दोघे मोटारसायकलवर खर्ड्याला गेले. निमित्त अध्यापकाच्या एका टिपणाचे होते. मुलाला एकविसावे पुरे होत आले होते. भुईकोट किल्ला चांगल्यापैकी उभा आहे: चौकोनी बांधणी, उंच तट, भोवती खंदक. २०२१ च्या दसऱ्याला तेथे ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारला गेला. तो दुरून दिसतो आणि वाट विचारावी लागत नाही. निजामाने आसरा घेतलेला हा कोट बांधला मात्र निंबाळकरांनी, म्हणजे निजामाच्या पदरी असलेल्या मराठी सरदारांनी. वेढा घालणारे मराठे, आत अडकलेला निजाम, आणि भिंती पुन्हा मराठ्यांच्याच. “मग शत्रू कोण, आप्पा?” मुलाने विचारले. त्याने थट्टेनेच विचारले होते.

तटावर बसून अध्यापकाने त्याला कलिंगाच्या लढाईनंतरच्या अशोकाची गोष्ट सांगितली. एक लाख मारले गेले, दीड लाख देशोधडीला लागले, याचा पश्चात्ताप सम्राटाने तेराव्या शिलालेखात कोरविला. शाळेत एवढेच शिकवितात. न शिकविलेला भाग असा की, खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, तो तेरावा लेख नाही. त्या जागी तेथील अधिकाऱ्यांना उद्देशून दुसरेच लेख आहेत. पश्चात्ताप दूरदूरच्या खडकांवर सांगितला गेला; ज्यांची माणसे मेली त्यांच्यासमोर तो कोरला गेला नाही.

हे सांगता सांगता अध्यापक थांबला. आपण कोठे बसून बोलत आहोत, याचे भान त्याला त्या वेळी आले असावे.

याच खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित मुलाची हत्या झाली. सवर्ण घरातील मुलीशी तो बोलतो, हा त्याचा अपराध ठरविण्यात आला होता. भर दिवसा मारहाण करीत त्याला नेण्यात आले. राज्यभर निषेध झाला, मोर्चे निघाले. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात सत्र न्यायालयाने आरोपींची पुराव्याअभावी मुक्तता केली.

त्या एप्रिलात हा अध्यापक उत्तरपत्रिका तपासत होता. शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला, कोणीतरी हलक्या आवाजात ‘वाईट झाले’ म्हणाले, दुसऱ्या कोणीतरी दार लोटून घेतले, आणि बोलणे निवडणुकीच्या निकालाकडे वळले. एका निवेदनाचा कागद फिरत आला होता. आधी सह्या कोणाकोणाच्या आहेत ते त्याने पाहिले आणि ‘नंतर करतो’ म्हणून कागद पुढे सरकविला. नंतर तो कागद परत आला नाही, आणि यानेही शोधला नाही. त्या रात्री त्याला झोप लागली होती. २०१७ चा निकाल त्याने वर्तमानपत्रात वाचला, तेव्हा हळहळ वाटली. हळहळ हाच शब्द बरोबर आहे.

सहा वर्षांनंतर, त्या मुलाच्याच वयाच्या स्वतःच्या मुलाशेजारी बसून, पडद्यावरच्या एका रांगणाऱ्या चित्रासाठी त्याची रात्र गेली. किल्ल्याच्या तटावर त्याने या दोन रात्री प्रथमच शेजारी ठेवून पाहिल्या. पहिल्या प्रसंगात त्याच्या हाती बंदूक नव्हती, तेव्हा टोचणी लागण्याचे कारण नव्हते, असा युक्तिवाद त्याच्याजवळ तयार होता, आणि भाषेच्या दृष्टीने तो निर्दोषही होता. त्या युक्तिवादाने त्याला नऊ वर्षे साथ दिली होती.

उन्हे उतरल्यावर दोघे खाली आले. गढीतल्या लोकांना पाणी कोठून मिळत असेल, असे काहीबाही मुलगा विचारीत होता. दरवाज्याशी उसाच्या रसाचे गुऱ्हाळ लागले होते. दोघांनी एकेक पेला घेतला, आणि मुलाने गाडी जामखेडच्या रस्त्याला घातली. गाव मागे पडत असतानाच आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून गाडी बाजूला घ्यायला सांगितले.

“काय झालं? काही राहिलं का?”

“राहिलं,” ते म्हणाले. ते खाली उतरले, रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले, आणि मुलाने इंजिन बंद करेपर्यंत थांबले. “दोन हजार चौदा साली तू सहावीत होतास. एप्रिलमध्ये इथं…”